मला छपराखाली उघडा

गाय वासरू जवळ असल्याशिवाय पान्हा सोडत नाही.

कापसाचे सत्तावीस बोळे. सगळे पिवळे.

छपराखाली छत्री उघडली, की त्या घरातलं कुणीतरी जातं.

एक माणूस एकदा हसला. त्या हसण्याला बावन्न वर्षं झाली. मला ते अजून ऐकू येतं.

मीठ.

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांचे कुणी लागत नाहीत असं तुम्हाला वाटेल. लागतात. मी ते नीट सांधून, गोड आवाजात सांगायला हवेत, कारण म्हाताऱ्या वस्तूंनी मुलांशी गोड बोलायचं असतं. पण माझी कंबर सुतळीने आवळली आहे, मला खिळ्याला उलटं टांगलं आहे, आणि मी रागावलेली आहे. तेव्हा जसं येईल तसं ऐका.

मी एक जुनी निळी छत्री आहे. शहरातल्या बाईने हातात मिरवावी तशी नाही. गुराख्याची. कांतालच्या डोंगरावर वारा आडवा येतो आणि पाऊसही आडवाच येतो, तिथली. खालच्या ओरियाक शहरातल्या एका कारागिराने माझा दांडा चेस्टनटच्या लाकडाचा केला, काड्या वेताच्या केल्या, आणि जाडंभरडं सुती कापड निळीत तीनदा बुडवून माझ्यावर ताणलं. माझ्याखाली एक माणूस, एक कुत्रा आणि नुकतं जन्मलेलं वासरू एवढे मावतात. मावलेले आहेत.

मला विकत घेतलं ते मेलानी सेरालने. ती विधवा होती. घरात दोन मुलं, सात तांबड्या गाई. मोठी मुलगी फिलोमेन. तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा बाझील. बाझील नऊ वर्षांचा असताना गाय त्याच्या पायावर उभी राहिली आणि तो पाय जन्मभर आत वळलेला राहिला. लंगडा मुलगा गाईंच्या मागे धावू शकत नाही. म्हणून मेलानीने मला त्याच्या हाती दिलं आणि सांगितलं, "तू कुरणावर नुसता बसून राहा. गाई हरवणार नाहीत एवढं बघ. बघता तर येतं ना तुला?"

बघता येत होतं. मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. त्याला बघता येत होतं.

•

त्याआधीची एक गोष्ट राहिली.

बाझील सात वर्षांचा असताना त्याने मला स्वयंपाकघरात उघडलं होतं. नुसतं बघायला, की चुलीच्या उजेडात मी कशी दिसते. फिलोमेनने त्याच्या थोबाडीत मारली. "घरात? छपराखाली? कुणाला मारायचंय तुला, आईला?"

त्या शरद ऋतूत त्यांची मार्किझ नावाची गाय मेली. ओला लसूणघास खाऊन फुगली आणि मेली. सगळ्या गावाने तिचं पोट पाहिलं. तरी मेलानी म्हणाली, "बघ. उघडली होतीस ना."

तेव्हापासून मला उंबऱ्याबाहेर मिटत. कितीही पाऊस असो, आधी मला मिटत, मग भिजत आत शिरत. त्या घरात मी पुन्हा कधीच उघडले नाही. या एका समजुतीपायी पुढे काय झालं ते ऐका.

•

रंग त्याला चर्चमध्ये मिळाले. संत रोशच्या पुतळ्याला नवा रंग दिला होता, उरलेल्या डब्या पाद्रीबाबांनी बाझीलला दिल्या. पहिलं चित्र त्याने चीज निथळायच्या फळीवर काढलं. मेलानीने ती फळी घासून पुन्हा वापरायला घेतली. तो चिडला नाही, दुसरी फळी घेतली. पुढे ओरियाकहून कॅनव्हास आणि तैलरंगाच्या नळ्या येऊ लागल्या.

त्याची रीत अशी. सकाळी गाईंबरोबर लंगडत वर जायचं. दगडांचा ढीग रचून माझा दांडा त्यात रोवायचा. कॅनव्हासवर आणि रंगांच्या फळीवर माझी सावली नीट धरायची, कारण डोंगरावरचं ऊन डोळ्यांत खुपतं आणि ओला रंग चमकतो. मग माझ्या सावलीत बसून बाहेरच्या उन्हातलं रंगवायचं. गाई. कुरणाच्या दगडी भिंती. दुधाची लाकडी भांडी. रंग कालवायचा, समोर बघायचं, पुन्हा कालवायचा, जोवर समोरचं आणि फळीवरचं एक होत नाही तोवर.

फिलोमेन दुपारी बटाटे आणि ताजं चीज एकत्र घोटून डब्यात घेऊन यायची. एकदा ती त्याच्या शेजारी, माझ्याखाली येऊन बसली. चित्राकडे बघितलं, गाईकडे बघितलं.

"अरे, ही तर आपली ब्रुनेत! आत्ता शेपटी मारेल मला."

"मारणार नाही. बांधलीय."

"कुठे बांधलीय?"

"चित्रात," बाझील म्हणाला, आणि दोघं हसली. ते हसणं मला आवडतं. ते वेगळं.

संध्याकाळी चित्र घरी आलं. मला उंबऱ्याबाहेर मिटलं. आत फिलोमेनने चित्र भिंतीला टेकवलं आणि तिचा चेहरा पडला. गाय पिवळी. दूध पिवळं. आभाळ शिळ्या लोण्यासारखं.

"बाझील, तू वर एक चित्र काढतोस आणि खाली दुसरंच आणतोस की रे."

"धुराने होतंय," तो म्हणाला. "या चुलीच्या धुराने."

सकाळी तो चित्र पुन्हा वर घेऊन गेला. माझ्या सावलीत ठेवलं. गाय पुन्हा तांबडी, दूध पुन्हा पांढरं. "बघ!" तो एकटाच ओरडला. "धूरच!" त्या दिवसापासून त्याने घराच्या भिंतीवर एकही चित्र लावलं नाही. सगळी वर, दगडी झोपडीत, फडक्यात गुंडाळून ठेवली.

धूर नव्हता, मित्रांनो. मी होते.

माझ्या निळ्या कापडातून निळा उजेड खाली पडायचा. कॅनव्हासवर, रंगांच्या फळीवर, त्याच्या हातावर. त्या निळ्या उजेडात पांढरा पांढरा दिसायला हवा असेल तर त्यात पिवळा घालावा लागतो. तो घालायचा. अगदी बरोबर मोजून घालायचा. माझ्याखाली त्याचं प्रत्येक चित्र खरं होतं. माझ्याबाहेर प्रत्येक चित्र आजारी. आणि मला तोंड नव्हतं. इतकी वर्षं मी त्याच्या डोक्यावर उघडी राहून त्याचं नुकसान करत होते. माझा पहिला राग माझ्यावर आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उरलेला कुणावर आहे ते मोकळेपणाने सांगता येईल.

•

लांब्रे.

तो पॅरिसहून उन्हाळ्यात चित्रं काढायला आला होता. वय बाझीलच्याच आसपास, चोवीस-पंचवीस. डोक्याला गवती टोपी, काखेत घडीची खुर्ची, आणि हातात माझ्याएवढीच मोठी छत्री. पांढरी.

"अरे वा!" तो म्हणाला. "गुराख्याची छत्री! हिच्याखाली बसून रंगवतोस तू?"

"आईची आहे," बाझील म्हणाला.

"मग आईला विचार, तिची वासरं निळी जन्मतात का!" आणि तो हसला. मागे रेलून, टोपी धरून हसला.

"त्यात हसण्यासारखं काय आहे, साहेब?"

"काही नाही रे, काही नाही. चालू दे तुझं. फारच मजा!"

आणि तो गेला. डोंगर उतरेपर्यंत त्याची पांढरी छत्री हसण्याने हलत होती.

पांढरी घे. निळ्या सावलीत रंग खोटे दिसतात. एवढंच म्हणायचं होतं. मी मोजले आहेत, सात शब्द होतात. कुरणावर येऊन एका लंगड्या माणसाला सात शब्द द्यायला त्याच्याजवळ नव्हते, पण हसू मात्र भरपूर होतं.

बाझील घरी आला तेव्हा कान लाल होते. फिलोमेनला म्हणाला, "शहरातला एक जण आईच्या छत्रीला हसला."

"का?"

"आपण गुराखी म्हणून. आणखी कशाला?"

"तुला पांढरी आणू या का ओरियाकहून?"

"मरेपर्यंत नाही."

शब्दाचा पक्का होता. अट्ठावीस वर्षं तो माझ्याखालीच बसला. मेलानी गेली तेव्हा तर त्याने माझी मूठ तेल लावून पुसली आणि म्हणाला, "आता तूच." पुढे ओरियाकच्या एका वर्तमानपत्राने त्याच्यावर चार ओळी छापल्या, 'सोनेरी कांतालचा चित्रकार'. तो कागद त्याने फाडला. "सोनेरी?" तो म्हणाला. "माझ्या गाई सोनेरी?"

•

शेवटचं चित्र फिलोमेनचं.

ती एका पायाचं स्टूल कमरेला बांधून बसली आहे. गाईच्या पुढच्या पायाला वासरू बांधलं आहे. वासराने आधी दोन घोट प्यायचे, गाईने पान्हा सोडायचा, मग वासराला बाजूला बांधून दूध काढायचं. आणि गाय शांत राहावी म्हणून वासराच्या पाठीवर चिमूटभर मीठ टाकायचं. गाय ते चाटत राहते. आमच्या डोंगरावर हे दोन वर्षांच्या पोरालाही माहीत असतं.

बाझीलने ते मीठ रंगवलं. प्रत्येक खडा. कुंचल्याचं टोक बसेल एवढाच. तीन दिवस नुसतं मीठ.

तिसऱ्या दिवशी गारांचा पाऊस आला. त्याने दगडांतून माझा दांडा उपसला आणि मला चित्रावर तिरकं धरलं. मी म्हणत होते, तू आत ये. जागा आहे. एक माणूस, एक कुत्रा, एक वासरू मावतं. तो आला नाही, चित्र मोठं होतं.

चित्र कोरडं राहिलं. माणूस भिजला. अकरा दिवसांनी छातीत कफ भरून बाझील गेला. बावन्न वर्षांचा होता.

•

मग शहराला तो आठवला. मेलेली माणसं शहराला लवकर आठवतात. गावच्या पंचायतीने झोपडीतली सहा चित्रं शहरातल्या संग्रहालयाला दिली. फिलोमेनने त्यांच्याबरोबर त्याची रंगांची फळी आणि मला दिलं. "ही त्याच्याजवळच राहू द्या," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, चांगलं करतेय.

भिंतीवर पाटी लागली. तुम्हाला पूर्ण वाचून दाखवते, कारण चार वर्षं मी तिच्यासमोर उभी होते:

*बाझील सेराल. गुराखी व स्वयंशिक्षित चित्रकार. त्याच्या चित्रांतील सर्वव्यापी पिवळेपणा डोळ्यांच्या विकारामुळे असावा. कोपऱ्यात: त्याची छत्री.*

विकार. कोपऱ्यात.

आणि मग एक दिवस संग्रहालयांचा तपासनीस आला. पोट सुटलेलं, केस पांढरे. मी त्याला चालीवरून ओळखलं. लांब्रे. त्याने मला पाहिलं आणि ओळखलं नाही. ज्याला मजा वाटली त्याला ती लक्षात ठेवावी लागत नाही.

तो चित्रांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "व्हार्निश पिवळं पडलंय, त्यात या माणसाचे डोळे अधू. निदान व्हार्निश तरी काढा. धुवा."

धुतली. पहिली तीन. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि फिरवायचा. व्हार्निश तिथे नव्हतंच, मित्रांनो. बाझीलने कधी लावलंच नाही, त्याच्याजवळ नव्हतं. बोळ्यांवर येत होता तो त्याचाच रंग. गाईची कातडी आली. दूध आलं. मेलानीचं कपाळ आलं. सत्तावीस बोळे मी मोजले आणि तिसऱ्या चित्रात शेवटी राखाडी पाण्यासारखं काहीतरी उरलं. त्याला लांब्रेने 'संयत' म्हटलं.

सोमवारी चौथं धुवायचं होतं. फिलोमेनचं.

•

ती शनिवारी आली. वर्षातून एकदा यायची, बाजाराच्या दिवशी, काळे कपडे घालून. दारावर उर्बां होता, आमच्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाचा माणूस.

"फिलोमेनबाई, तीन चित्रं आंघोळ करून आलीत बरं का," तो म्हणाला.

तिने तिन्ही पाहिली. चौथ्यापुढे लांब्रे हातात कागद घेऊन उभा होता. त्याला ती कोण हे माहीत नव्हतं.

"सोमवारी हिची पाळी," तो कौतुकाने म्हणाला. "कावीळ झालेली बाई बरी करायचीय. आणि वासराच्या पाठीवर हे ठिपके बघा. माश्यांची घाण. तीही निघेल."

"ती बाई मी आहे," फिलोमेन म्हणाली. "आणि ते मीठ आहे."

"मीठ?"

"मीच टाकलंय."

"बाई, मीठ पांढरं असतं."

तिने पुन्हा चित्राकडे पाहिलं. त्याच्या म्हणण्यात खोट नव्हती, मीठ पिवळं होतं. तिचा चेहराही. पण तिने हे चित्र वर पाहिलं होतं, त्याच्या शेजारी बसून, आणि तेव्हा ते असं नव्हतं. वर एक आणि खाली दुसरंच. वर काय होतं जे खाली नव्हतं? ऊन खालीही होतं, माथ्यावर काचेचं छत होतं. धूर इथे नव्हता. मग काय?

ती सावकाश वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मला माहीत आहे ती कशाला घाबरली. साठी ओलांडलेली बाई, जिने त्या एका गोष्टीसाठी भावाच्या थोबाडीत मारली होती. तिने छातीवर क्रूसाची खूण केली, मग मला उचललं.

"फिलो!" उर्बां दारातून ओरडला. बाई म्हणायचं विसरला. "छपराखाली नको! ए फिलो!"

"भीती वाटत असेल तर बाहेर जा, उर्बां."

"कुणीतरी मरेल!"

"छप्पर माझ्या घराचं नाही. मेलंच तर सरकारातलं कुणीतरी मरेल."

उर्बां खरोखर बाहेर पळाला आणि अंगणात टोपी काढून उभा राहिला.

खटका गंजला होता. तिने दांडा पोटाला लावून जोर दिला. माझ्या दोन काड्या कडाडल्या. आणि मी उघडले. आयुष्यात दुसऱ्यांदा छपराखाली.

तिने मला चित्रावर धरलं. काचेच्या छतातून आलेलं ऊन माझ्यातून गाळून खाली उतरलं. दूध पांढरं झालं. गाय तांबडी झाली. थंडीत बसलेल्या एका बाईच्या गालांवर रक्त आलं. आणि वासराच्या पाठीवर मीठ चमकलं, एकेक खडा.

मग लांब्रे, त्याला राहवलं नसावं, म्हणाला, "अर्थात. म्हणून तर आम्ही पांढरी छत्री वापरतो. प्रत्येक चित्रकाराला माहीत असतं हे."

"हो?" फिलोमेन म्हणाली. "मग बाझीलला कुणी का नाही सांगितलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मुठीकडे, वेताच्या काड्यांकडे. मी पाहत होते, ते हसू बत्तीस वर्षांचा डोंगर चढून त्याच्या चेहऱ्यापर्यंत परत कसं येतं आणि तिथे पोचल्यावर त्याचं काय होतं.

"मी तेव्हा तरुण होतो," तो म्हणाला.

"तोही."

"पण बाई... आता येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काय छत्री देऊ?"

"द्या. हात आहेत ना लोकांना?"

•

चौथं चित्र धुतलं नाही. पाचवं, सहावंही नाही. एवढं झालं.

तीन गेली ती गेली. पाटी बदलली नाही. लांब्रे सोमवारी पॅरिसला गेला, 'कळवतो' म्हणाला आणि कळवलं नाही. पुढे शाळेची मुलं यायची आणि मला उघडा म्हणून हट्ट धरायची. काड्या मोडतील म्हणून संग्रहालयाने मला सुतळी बांधली आणि उंच टांगलं. याला ते जपणं म्हणतात. फिलोमेन एक्याऐंशी वर्षांची होऊन झोपेत गेली. उर्बां आता गावातल्या गुत्त्यात जेंशियनच्या मुळांच्या कडू दारूचा पेला पुढे घेऊन सांगत असतो, "उघडली होती ना तिने. छपराखाली." एकोणीस वर्षांनी! मला हात असते तर पेला हिसकावला असता.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगणार नाही. मला जपू नका. सुतळी कापा. काड्या मोडल्या तर मोडू द्या, वेत कुठेही मिळतो. चौथ्या चित्राशी या, मला छपराखाली उघडा आणि दोन मिनिटं हात वर धरा. कुणीही मरणार नाही. आणि कुणाचं काम तुम्हाला वेडंवाकडं दिसलं आणि ते तसं का झालं हे तुम्हाला ठाऊक असेल, तर हसा हवं तर, पण त्याआधी सांगा. सात शब्द लागतात.

बाझील वीस वर्षांचा असताना सैन्यभरतीच्या डॉक्टरांनी त्याला पायामुळे परत पाठवलं होतं. डोळ्यांच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, दोन्ही उत्तम.